वापरात नसलेल्या कायद्याचे ओझे

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक मूळ करारांपैकी एकाही करारात ‘लैंगिक कल’ हा शब्दप्रयोग सापडत नाही. १९६६चे दोन आंतरराष्ट्रीय करार, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे निर्मूलन करण्यासाठी १९७९मध्ये झालेला करार, १९८९चा बालहक्क करार, या साऱ्यांची कलमे ओळीने वाचत गेले तर वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, मत, जन्म असे भेदभावाचे आधार एकामागून एक येतात. पण एखाद्या व्यक्तीच्या प्रेमाची आणि शारीरिक ओढीची दिशा पुरुषाकडे आहे, स्त्रीकडे आहे की दोघांकडे, ज्याला मराठीत ‘लैंगिक कल’ म्हणण्याचा प्रघात आता पडला आहे, त्याचा उल्लेख येत नाही. असे असूनही लैंगिक कलावरून शिक्षा करणे किंवा हक्क नाकारणे हा मानवी हक्कांचा भंग आहे, ही भूमिका आंतरराष्ट्रीय कायद्यात आज चांगलीच रुजली आहे. ती करारांत नवे शब्द घालून रुजलेली नाही, तर आधीपासून असलेल्या शब्दांचा अर्थ नव्याने लावून रुजली आहे. हा अर्थ लावण्याचे काम ज्या प्रकरणात सर्वांत स्पष्टपणे झाले ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया या बेटराज्यातले आहे, आणि त्यातला मध्यवर्ती प्रश्न मोठा विलक्षण होता. ज्या कायद्याखाली कित्येक वर्षांत कोणावरही खटला भरला गेलेला नाही, तो कायदा नुसता पुस्तकात असल्याने कोणाची हानी होते का?

टास्मानियाच्या १९२४च्या फौजदारी संहितेतील कलम १२२ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ केलेल्या संभोगाला गुन्हा ठरवत होते आणि कलम १२३ पुरुषांमधील ‘असभ्य वर्तना’ला. संबंध परस्परसंमतीने होते की बळजबरीने, घराच्या चार भिंतींआड होते की उघड्यावर, याने काही फरक पडत नव्हता. आणि त्या संहितेनुसार शिक्षेची कमाल मर्यादा २१ वर्षे कारावासापर्यंत जात होती. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ हा शब्दप्रयोग भारतीय वाचकाच्या ओळखीचा आहे. १ जानेवारी १८६२पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७मध्ये तोच शब्दप्रयोग होता, कारण दोन्ही कायद्यांची मुळे एकाच इंग्रजी फौजदारी परंपरेत होती. ब्रिटिश साम्राज्याने जिथे जिथे आपली संहिता नेली तिथे हा शब्दप्रयोगही नेला, आणि साम्राज्य गेल्यावरही तो अनेक देशांत मागे राहिला. खुद्द ऑस्ट्रेलियातील इतर राज्यांनी मात्र १९७५मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियापासून सुरुवात करून असे कायदे एकेक करून रद्द केले होते. १९९१ साल उजाडले तेव्हा एकटे टास्मानिया उरले होते.

खटले होत नसले तरी कायद्याची सावली किती लांबवर पडते, हे १९८८मध्ये राजधानी होबार्टच्या सालामांका बाजारात दिसले होते. बंदराजवळच्या जुन्या दगडी गुदामांसमोर दर शनिवारी भरणाऱ्या या बाजारात समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या गटाने एक टेबल मांडले आणि कायदा बदलण्याच्या मागणीच्या अर्जावर लोकांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. होबार्ट नगर परिषदेने त्या टेबलाला मनाई केली. कार्यकर्ते पुढच्या शनिवारी पुन्हा आले, पोलिसांनी त्यांना उचलले, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी लोक आले, आणि काही आठवड्यांत अटक झालेल्यांची संख्या १३०वर गेली. त्यांनी केले होते ते एवढेच, की विधिमंडळाला द्यायच्या अर्जासाठी टेबल लावले होते. जो संबंध गुन्हा आहे त्याबद्दल बोलणे, लिहिणे, सह्या मागणे हेही गुन्ह्याच्या कडेकडेनेच चालते असे प्रशासन गृहीत धरते, आणि म्हणून कायदा शय्यागृहापुरता मर्यादित राहत नाही. नगर परिषदेने त्या वर्षाअखेर मनाई मागे घेतली आणि २००८मध्ये, वीस वर्षांनी, या अटकांबद्दल माफी मागितली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर जाण्याची वाट १९९१मध्ये उघडली. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९६६मध्ये स्वीकारला गेला आणि १९७६पासून अमलात आला. त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी १८ स्वतंत्र तज्ज्ञांची मानवी हक्क समिती आहे. मानवी हक्क परिषद ही निराळी संस्था आहे. परिषदेत देशांचे प्रतिनिधी बसतात व मतदान करतात. समितीतले तज्ज्ञ मात्र कोणत्याही सरकारच्या वतीने बोलत नाहीत. करार मान्य केलेल्या देशाने समितीला ठरावीक काळाने अहवाल द्यायचा असतो, पण एखाद्या नागरिकाला स्वतःची तक्रार घेऊन समितीकडे जायचे असेल तर त्याच्या देशाने एक वेगळा ऐच्छिक पूरक करारही मान्य केलेला असावा लागतो. ऑस्ट्रेलियाने तो मान्य केला आणि २५ डिसेंबर १९९१ रोजी तो ऑस्ट्रेलियासाठी अमलात आला. त्याच दिवसाची तारीख घालून होबार्टचे कार्यकर्ते निकोलस टूनेन यांनी आपली तक्रार समितीकडे पाठवली.

अशा तक्रारीला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला असा, की देशातील न्यायालयीन उपाय आधी करून झालेले असावेत. टूनेन यांच्याकडे असा उपायच नव्हता, कारण तिथल्या संविधानात या कायद्याला आव्हान देता येईल असे हक्कांचे प्रकरण नव्हते आणि कायदा बदलणे केवळ टास्मानियाच्या विधिमंडळाच्या हातात होते. दुसरा उंबरठा अधिक कठीण होता. तक्रारदार स्वतः ‘पीडित’ असावा लागतो. एखादा कायदा वाईट आहे अशी सर्वसाधारण तक्रार चालत नाही. टूनेन यांना कधी अटक झाली नव्हती आणि सरकारी अभियोक्ता कार्यालयाने अशा प्रकरणांत खटले न भरण्याचे धोरण ठेवले होते. मग ते पीडित कसे? त्यांचे म्हणणे असे होते, की खटला केव्हाही उभा राहू शकतो ही टांगती तलवार त्यांच्या रोजच्या जगण्यावर आहे; कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला शिवीगाळ, धमकी, मारहाण करणाऱ्यांना बळ मिळते आणि त्याला स्वतःला पोलिसांकडे जायची चोरी होते; शिवाय तक्रार केल्यामुळेच आपली नोकरी गेली. टूनेन एड्सविरोधी काम करणाऱ्या राज्य पातळीवरील संस्थेचे प्रमुख व्यवस्थापक होते, आणि त्यांना कामावरून दूर केले नाही तर संस्थेचे अनुदान बंद करू, असे राज्य सरकारने बजावल्याचे त्यांनी समितीपुढे मांडले. समितीने त्यांना पीडित मानले. कायद्याचे नुसते अस्तित्वसुद्धा प्रशासनाच्या वागण्यावर आणि लोकमतावर परिणाम करते व तो परिणाम या माणसाला व्यक्तिशः भोगावा लागतो आहे, हे तिने मान्य केले. खटले न भरण्याचे धोरण म्हणजे भविष्यात खटले भरले जाणार नाहीत याची हमी नव्हे, असेही नोंदवले. पुढच्या तीस वर्षांतल्या कितीतरी निकालांचा पाया याच दोन वाक्यांत आहे.

प्रकरणातली आणखी एक गुंतागुंत अशी होती, की तक्रार ऑस्ट्रेलियाविरुद्ध होती आणि कायद्याचे समर्थन मात्र टास्मानिया करत होते. करार संघराज्याच्या सर्व भागांना लागू असतो, त्यामुळे घटक राज्याच्या कायद्याबद्दलही केंद्र सरकारलाच उत्तर द्यावे लागते. केंद्र सरकारने खासगीपणाचा भंग होत असल्याचे मान्य केले आणि त्याच उत्तरात टास्मानियाचे युक्तिवादही समितीपुढे ठेवले. टास्मानियाचा एक युक्तिवाद सार्वजनिक आरोग्याचा होता: या कायद्यामुळे एचआयव्हीचा प्रसार रोखला जातो. समितीने तो फेटाळला, कारण संसर्गाच्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या माणसांना गुन्हेगार ठरवले की ती माणसे लपतात, तपासणीला येत नाहीत, सल्ला घेत नाहीत आणि प्रतिबंधाचे कामच अडते. केंद्र सरकारचेही हेच मत होते. दुसरा युक्तिवाद नीतीचा होता. नैतिकता ही ज्या त्या समाजाची अंतर्गत बाब आहे, तीत बाहेरच्यांनी लक्ष घालू नये, असे टास्मानियाचे म्हणणे. त्यावर समितीचे उत्तर नेमके होते. नीतीचा प्रश्न केवळ देशांतर्गत मानला तर खासगीपणात ढवळाढवळ करणारे कितीतरी कायदे देखरेखीच्या बाहेर जातील. आणि टास्मानिया सोडून देशातील सर्व राज्यांनी असे कायदे रद्द केले असताना, टास्मानियातही त्यावर एकमत नसताना आणि कायदा अमलातही आणला जात नसताना, नीतीच्या रक्षणासाठी तो अत्यावश्यक आहे हे म्हणणे टिकत नाही. म्हणजे कायदा वापरला जात नाही ही गोष्ट राज्याच्या बचावाची म्हणून पुढे आली होती, आणि समितीने तीच राज्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली.

३१ मार्च १९९४ रोजी समितीने आपले अभिमत दिले. करारातील सतरावे कलम खासगी जीवन, कुटुंब, घर व पत्रव्यवहार यांत मनमानी किंवा बेकायदा हस्तक्षेप करण्यास मनाई करते. टास्मानियाचा कायदा विधिमंडळाने रीतसर केला असल्याने हस्तक्षेप बेकायदा नव्हता. पण ‘मनमानी’ हा शब्द त्याहून पुढे जातो. कायद्याने केलेला हस्तक्षेपसुद्धा हेतूशी प्रमाणबद्ध आणि परिस्थितीत आवश्यक असावा लागतो, आणि प्रौढांनी परस्परसंमतीने खासगीत ठेवलेले संबंध खासगी जीवनात मोडतात याबद्दल वादच नाही, असे म्हणून समितीने सतराव्या कलमाचा भंग झाल्याचे ठरवले.

याच अभिमतात एक छोटे वाक्य होते आणि त्याचा पल्ला निकालाहूनही लांबचा ठरला. करारातील भेदभावविरोधी कलमांत आधारांची जी यादी आहे तिच्या शेवटी ‘किंवा अन्य दर्जा’ असे शब्द आहेत. लैंगिक कल या ‘अन्य दर्जा’त बसतो का, यावर मार्गदर्शन करावे, अशी विनंती ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने केली होती. समितीने या प्रश्नाला सरळ उत्तर न देता वेगळीच वाट धरली आणि यादीतील ‘लिंग’ या शब्दातच लैंगिक कल अंतर्भूत आहे असे म्हटले. कारणे मात्र दिली नाहीत, आणि एवढ्या मोठ्या विधानाला कारणांची जोड नसणे हा या अभिमताचा दुबळेपणाच मानला पाहिजे. या अर्थामागचा तर्क इतरांनी नंतर स्पष्ट केला. एखाद्या पुरुषाला पुरुषावर प्रेम केल्याबद्दल शिक्षा होते, पण त्याच्या जागी स्त्री असती तर झाली नसती, तेव्हा शिक्षेचा निर्णय त्या व्यक्तीच्या लिंगावरच अवलंबून असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये नोकरीतील भेदभावाच्या प्रकरणात हाच तर्क स्वीकारला. ‘अन्य दर्जा’ची वाटही पुढे मोकळी झाली; आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या समितीने २००९मध्ये लैंगिक कल त्या शब्दांत येतो असे सर्वसाधारण भाष्यातच सांगितले.

टास्मानियाच्या आधी युरोपात हा रस्ता अर्धा चालून झाला होता. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचे जेफ्री डजन हे जहाज वाहतूक कचेरीतले कारकून. जानेवारी १९७६मध्ये अमली पदार्थांच्या शोधात पोलीस त्यांच्या घरी आले, त्यांची रोजनिशी व वैयक्तिक कागदपत्रे घेऊन गेले आणि पोलीस ठाण्यात साडेचार तास त्यांच्या लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न विचारत राहिले. खटला भरला गेला नाही. सुमारे वर्षभराने कागदपत्रे परत मिळाली, त्यांवर पोलिसांच्या हातच्या खुणा होत्या. डजन यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि २२ ऑक्टोबर १९८१ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मात्र आपल्याला भेदभावाने वागवले गेले, या त्यांच्या दुसऱ्या तक्रारीत जाण्याची गरज नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. ही गोष्ट वरवर तांत्रिक वाटली तरी महत्त्वाची आहे. खासगीपणाचा हक्क माणसाला दार लावून घेण्याची मुभा देतो. दाराबाहेर पडल्यावर नोकरी मागताना, घर भाड्याने घेताना, जोडीदाराला रुग्णालयात भेटायला जाताना किंवा मुलांचा ताबा मागताना तो फारसा उपयोगी पडत नाही. तिथे समतेचा हक्क लागतो. त्यामुळे डजन ते टूनेन या तेरा वर्षांत खासगीपणाच्या शेजारी भेदभावाचा शब्द येऊन बसला, ही प्रगती मोठी होती.

समतेच्या वाटेवरची पुढची पावले माणसांच्या अगदी घरगुती गरजांपाशी येतात. ऑस्ट्रेलियाचेच एडवर्ड यंग यांनी एका माजी सैनिकासोबत ३८ वर्षे संसार केला आणि त्यांच्या अखेरच्या आजारपणात सेवा केली. जोडीदार १९९८मध्ये गेल्यावर यंग यांनी माजी सैनिकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. कायद्यातील जोडप्याच्या व्याख्येत फक्त स्त्री-पुरुष बसत होते, म्हणून अर्ज नाकारला गेला. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना त्या कायद्याने निवृत्तिवेतन मिळत होते, हे ध्यानात घेऊन मानवी हक्क समितीने २००३मध्ये ठरवले, की सरकारने या भेदाला कोणतेही वाजवी कारण दाखवलेले नाही आणि समतेच्या सव्विसाव्या कलमाचा भंग झाला आहे. चिलीमध्ये न्यायाधीश असलेल्या कारेन अताला यांचे प्रकरण याहून वेदनादायक आहे. घटस्फोटानंतर त्यांच्या तीन मुली त्यांच्याजवळ राहत होत्या. त्यांची जोडीदार स्त्री त्यांच्या घरी राहायला आली तेव्हा वडिलांनी ताबा मागितला आणि चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये तो त्यांना दिला. आईच्या नात्यामुळे मुलींना समाजात हिणवले जाईल, ही त्यामागची भीती होती. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१२मध्ये हा निर्णय भेदभावाचा ठरवला. मुलांचे हित हा निःसंशय श्रेष्ठ हेतू आहे, पण प्रत्यक्ष इजा दाखवल्याशिवाय त्याचे नाव पुढे करता येत नाही, आणि समाजाचा पूर्वग्रह हे त्याच पूर्वग्रहाला कायद्याचे बळ देण्याचे कारण होऊ शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

मानवी हक्क समितीची वाटचाल सरळ रेषेत झाली असे समजू नये. १९८२मध्ये फिनलंडच्या दूरचित्रवाणीवरील समलिंगी विषयावरच्या कार्यक्रमांना आडकाठी केल्याच्या प्रकरणात तिने सार्वजनिक नीतीचे कारण ग्राह्य मानले होते. २००२मध्ये न्यूझीलंडच्या काही स्त्री-जोडप्यांनी विवाहाचा हक्क मागितला, तेव्हा करारातील विवाहाचे कलम ‘पुरुष व स्त्रिया’ असे शब्द वापरते म्हणून देशांवर समलिंगी विवाह मान्य करण्याचे बंधन नाही, असे तिने ठरवले, आणि तो निर्णय तिने आजवर बदललेला नाही. न्यूझीलंडने २०१३मध्ये हा विवाह आपल्या संसदेतून स्वतःच मान्य केला, ही निराळी गोष्ट.

टूनेन प्रकरणातले १९९४चे अभिमत आल्यानंतरही टास्मानियाने कायदा बदलला नाही. समितीच्या अभिमताला न्यायालयाच्या हुकुमासारखी अंमलबजावणी नसते. तिच्याकडे बेलीफ नाही, दंड नाही. पण केंद्र सरकारने त्याच वर्षी संसदेत कायदा करून १८ वर्षांवरील व्यक्तींच्या संमतीने खासगीत झालेल्या लैंगिक वर्तनात मनमानी हस्तक्षेप करण्यास देशभर मनाई केली. मग चळवळीतील काही पुरुष पोलिसांकडे गेले आणि कलम १२२ व १२३खाली आपण गुन्हे केले असल्याचे जबाब त्यांनी लिहून दिले. अभियोक्त्याने खटले भरायला नकार दिला. राज्याला आपला कायदा वापरायचाही नव्हता आणि सोडायचाही नव्हता, हे यातून लख्ख दिसले. टूनेन आणि त्यांचे सहकारी रॉडनी क्रूम यांनी उच्च न्यायालयात, म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वांत वरच्या न्यायालयात, दावा लावला. खटलाच भरलेला नसल्याने दाव्याला आधार नाही, हा राज्याचा आक्षेप फेब्रुवारी १९९७मध्ये फेटाळला गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात एका मताच्या फरकाने कायदा रद्द झाला.

भारतात टास्मानियाचा हा निर्णय न्यायालयांच्या कागदांत थेट पोहोचला. नाझ फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी कलम ३७७ संमतीच्या प्रौढ संबंधांपुरते घटनाबाह्य ठरवताना डजन आणि टूनेन या दोन्ही प्रकरणांचा आधार घेतला. सुरेश कुमार कौशल प्रकरणात ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला, आणि त्यातील एक कारण टास्मानियाच्या पार्श्वभूमीवर मुद्दाम वाचण्याजोगे आहे. समलिंगी, उभयलिंगी व तृतीयपंथी लोक देशाच्या लोकसंख्येचा अगदी छोटा अंश आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली २००पेक्षा कमी लोकांवर खटले झाले आहेत, तेव्हा कलम घटनाबाह्य ठरवायला एवढा आधार पुरेसा नाही, असे न्यायालयाने म्हटले. परदेशी निकाल डोळे मिटून लावता येत नाहीत, असेही सांगितले. टूनेन प्रकरणात मानवी हक्क समितीने ज्या गोष्टीत इजा पाहिली, तिच्यातच दिल्लीत इजेचा अभाव पाहिला गेला. वास्तविक कलम ३७७चा खरा वापर न्यायालयाच्या नोंदवहीत कधी उतरलाच नव्हता. बागेत किंवा स्टेशनाबाहेर अडवून पैसे उकळणारा शिपाई, घरी सांगू अशी धमकी देणारा ओळखीचा माणूस, निरोधवाटप करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पकडणारे पोलीस, यांच्यापैकी कोणाचीच मोजदाद खटल्यांच्या संख्येत होत नाही.

या विषयावर बोलणाऱ्याला गप्प करणे महाराष्ट्राला नवे नव्हते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या हस्तमैथुन व समलिंगी संबंधांविषयीच्या पत्रांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर १९३४मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी कर्वे खटला हरले. कलम वेगळे होते, पण ज्या विषयावर गुन्ह्याचा शिक्का आहे त्याबद्दल माहिती देणेही धोक्याचे ठरते, हा अनुभव सालामांका बाजारातल्या टेबलापेक्षा फार निराळा नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्याच नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना कौशल निकालातील संख्येचा तर्क चुकीचा असल्याचे सांगितले, कारण हक्क किती जणांना हवा आहे यावर हक्काचे अस्तित्व ठरत नसते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंह जोहर प्रकरणात पाच न्यायाधीशांनी एकमताने कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल केले. या निकालात खासगीपणा आहेच, पण त्याच्या बरोबरीने समता आणि प्रतिष्ठाही आहे, आणि घटनेच्या पंधराव्या कलमातील ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कल वाचण्याची वाटही तिथे दिसते. भारताने नागरी व राजकीय हक्कांचा करार १९७९मध्ये मान्य केला आहे आणि घटनेचे ५१वे कलम आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर बाळगायला सांगते. देशातील कायद्याशी विसंगत नसतील तर करारातील तत्त्वे मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना वापरता येतात, ही न्यायालयाची जुनी भूमिका या निकालात पुन्हा कामी आली.

न वापरलेल्या कायद्याचा प्रश्न आशियात याहूनही ताजा आहे. सिंगापूरमध्ये दंडसंहितेचे कलम ३७७क प्रौढांच्या खासगी संबंधांवर वापरणार नाही, असे सरकारने २००७मध्ये जाहीर केले, पण कलम ठेवले. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हे कलम अमलात आणता येणारच नाही असे ठरवले आणि त्याच कारणाने, म्हणजे धोकाच उरलेला नाही म्हणून, आव्हान देणाऱ्यांना दाद दिली नाही. वर्षाअखेरीस संसदेने ते कलम रद्द केले. श्रीलंकेत मात्र पुरुषांसाठी असलेले कलम १९९५मध्ये शब्द बदलून स्त्रियांनाही लागू करण्यात आले. समलिंगी हक्कांसाठी संस्था चालवणाऱ्या रोझाना फ्लेमर-काल्देरा यांनी स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे तक्रार केली. पोलिसांची नजर, धमक्या आणि दाद मागायला गेले तर आपणच गुन्हेगार ठरण्याची भीती यांचे वर्णन त्यांनी केले होते. त्यांच्यावरही खटला झालेला नव्हता. २०२२मध्ये समितीने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि स्त्रियांमधील संमतीचे संबंध गुन्हा ठरवणे हा त्या कराराचा भंग असल्याचे प्रथमच सांगितले.

तज्ज्ञांच्या समित्या एका बाजूला आणि मतदान करणारी सरकारे दुसऱ्या बाजूला, असे चित्र संयुक्त राष्ट्रांत दिसते. दक्षिण आफ्रिकेने मांडलेला लैंगिक कल व लिंगभाव ओळखीवरील पहिला ठराव मानवी हक्क परिषदेने जून २०११मध्ये २३ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला. २०१६मध्ये या विषयावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमण्याचा ठराव २३ विरुद्ध १८ असा पुढे सरकला. तटस्थ राहिलेल्या सहा देशांत भारत होता. इंडोनेशियातील योग्यकार्ता शहरात २००६मध्ये जमलेल्या विधिज्ञांनी तयार केलेली योग्यकार्ता तत्त्वे कोणत्याही देशावर बंधनकारक नाहीत, तरी आधीच मान्य असलेले हक्क समलिंगी व तृतीयपंथी माणसांना कसे लागू होतात हे एकत्र सांगणारा मजकूर म्हणून भारताच्या न्यायालयांनी त्यांचा आधार घेतला आहे. दुसरीकडे साठाहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत आणि युगांडाने २०२३मध्ये काही प्रसंगी मृत्युदंडाची तरतूद करणारा नवा कायदा केला.

भारतात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहण्यासाठी समिती नेमण्याचे केंद्र सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. २०२४मध्ये त्यातून काही खुलासे निघाले: एकत्र राहणाऱ्या जोडीदारांची नावे एका शिधापत्रिकेत येऊ शकतात, त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडता येते आणि खात्यावर एकमेकांचे नामनिर्देशन करता येते. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र विवाहाच्या नात्याशीच बांधलेले आहे. एडवर्ड यंग यांनी हीच तक्रार मानवी हक्क समितीकडे नेली होती. भारताने ऐच्छिक पूरक करार मान्य केलेला नसल्याने पुण्यातल्या किंवा पणजीतल्या अशा एखाद्या जोडीदाराचा अर्ज त्या समितीला दाखलच करून घेता येणार नाही.